शेती विभागातली जमीन किती वर्षे शेतीची राहते?

शिवारकर

आमचे गाव पुण्याच्या पश्चिमेस, महानगरपालिकेच्या हद्दीपासून साधारण सात किलोमीटरवर आहे. घरची सव्वातीन एकर जमीन आहे; त्यातली दोन एकर विहिरीवर भिजते, उरलेली पावसाच्या भरवशावर. 1997 मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेत आमचे सगळे शिवार शेती विभागात, म्हणजे नकाशावर हिरवे, दाखवलेले आहे. 2021 मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच शिवाराचा पूर्वेकडचा भाग पिवळा, म्हणजे रहिवासी विभागात, झाला आणि 24 मीटर रुंदीचा एक रस्ता नेमका आमच्या विहिरीवरून गेला. आम्ही हरकत नोंदवली. साऱ्या प्रदेशातून अशा हरकती आणि सूचना 67 हजारांच्या घरात गेल्या होत्या. 2025 मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला आणि आमचे शिवार पुन्हा हिरवे झाले.

या चार वर्षांत जमिनीत काहीही बदलले नाही. तीच विहीर, तेच बांध आणि तोच इंद्रायणी भात. बदलला तो भाव. रस्ता कागदावर आला तेव्हा तो चढला, आराखडा रद्द झाला तेव्हा काही महिने थबकला आणि मग पुन्हा चढू लागला, कारण गावात येणाऱ्या प्रत्येक एजंटाला खात्री आहे की हे हिरवे फार काळ हिरवे राहायचे नाही. माझ्या चुलतभावाने आपल्या वाट्याच्या जमिनीत गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पाडायचे मनावर घेतले आहे. त्याचे म्हणणे असे, की शहर येणारच आहे, तर ते आपल्या अटीवर का येऊ नये.

शहराने कोठवर वाढावे आणि कोणत्या जमिनीला पुढची चाळीस-पन्नास वर्षे हात लावू नये, हे आताच ठरवून त्यावर ठाम राहणारी योजना आपल्याकडे शक्य आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. आणि शक्य असेल, तर ज्याची जमीन कायमची हिरवी ठरेल त्याने शेजाऱ्याच्या पिवळ्या जमिनीकडे पाहत काय करायचे?

जुना_आरेखक

मी नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून आधी शब्दांतला गोंधळ दूर करतो. प्रादेशिक योजना आणि विकास आराखडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्ही 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातूनच येतात. प्रादेशिक योजना मोठ्या भूभागाची ढोबळ रचना सांगते: शहरीकरण कोणत्या दिशेने व्हावे, वने, पाणलोट आणि शेती कोठे राखावी, मोठे रस्ते कोठून जावेत. विकास आराखडा गट क्रमांकापर्यंत खाली उतरतो आणि शाळेचे, उद्यानाचे, रस्त्याचे आरक्षण टाकतो. आराखडा रद्द झाला म्हणजे तुमचा गट अधांतरी राहिला असे नाही. 1997 ची योजना तेथे लागू आहे.

आता मुख्य मुद्दा. हिरवा रंग ही जमिनीला दिलेली हमी नाही. आज तेथे कशाला परवानगी मिळू शकते, एवढेच तो रंग सांगतो. त्याच कायद्याच्या कलम 20 खाली शासन प्रादेशिक योजनेत फेरबदल करू शकते, आणि व्यवहारात हे फेरबदल बरेचदा गटागटाने, अर्ज येईल तसे, होत गेले आहेत. एकेका प्रकरणात काहीच वावगे दिसत नाही, पण वीस वर्षांनी मूळ नकाशा आणि फेरबदलांचा नकाशा शेजारी ठेवला तर एक नवेच शहर दिसते, जे कोणीही आखलेले नव्हते. मी स्वतः असे नकाशे हाताने रंगवले आहेत. हिरव्यावर पिवळा रंग चढवला की तो स्वच्छ पिवळा दिसत नाही, किंचित मळकट दिसतो. त्यामुळे नंतर बदललेला पट्टा कोणता, ते आम्हाला लांबूनच कळे.

भीमाकाठ

आमच्या भागात शेती विभागाला "नंबर न लागलेला पिवळा पट्टा" म्हणतात.

दीड_गुंठा

या विषयावर बोलताना गुंठेवाल्यांना खलनायक ठरवण्याची रीत आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी 2013 मध्ये शहराच्या पूर्वेला, शेती विभागातच, दीड गुंठा घेतला. दीड गुंठा म्हणजे 1,633 चौरस फूट. मी तेव्हा एका कारखान्यात कंत्राटी कामगार होतो आणि माझ्या पगारावर कोणतीही बँक मला सदनिकेसाठी कर्ज देत नव्हती. व्यवहार नोटरी केलेल्या साठेखतावर झाला, सातबाऱ्यावर अकरा जणांची नावे सामाईक लागली आणि सहा महिन्यांत मी पत्र्याचे छप्पर टाकून राहायला गेलो. रस्ता नव्हता, सांडपाण्याची सोय नव्हती आणि पाणी आजही टँकरचे आहे.

हे बेकायदेशीर होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक मापाहून लहान तुकडे पाडायला मनाई करणारा, कायदा 1947 पासून आहे. पण कायदेशीर पिवळ्या पट्ट्यात माझ्यासारख्यासाठी एकही घर बांधले जात नव्हते. तुम्ही हिरव्या जमिनीभोवती पन्नास वर्षांची रेषा ओढाल, तेव्हा रेषेच्या आतल्या जमिनीचा भाव काय होईल आणि शहराची झाडलोट करणारे, रखवाली करणारे लोक कोठे राहतील, याचा हिशेब त्याच नकाशावर मांडावा लागेल. तो नसेल तर ते लोक रेषा ओलांडणारच.

पाटाचे_पाणी

मी दौंड तालुक्यातला ऊस आणि भाजीपाला करणारा शेतकरी आहे. जमिनीवर एवढी चर्चा झाली, पाण्याचे नाव फक्त टँकरच्या निमित्ताने आले. आमचे शेत पुण्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे, कोणत्याही आराखड्यात त्याला पिवळा रंग लागलेला नाही, तरीही शहराच्या वाढीने ते कमी होत चालले आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातूनच पुणे पिते आणि त्यातूनच कालवा दौंड-इंदापूरपर्यंत येतो. शहराच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावे आली, 2021 मध्ये आणखी 23 आली. धरणे मात्र चारच राहिली. शहर वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, कालव्यात सोडणार, असे ठरले होते. ते पाणी येते तेव्हा त्याचा रंग आणि वास कसा असतो, हे पाहायला कधी तरी कालव्याच्या कडेने फिरावे.

म्हणून माझे म्हणणे असे, की शेतजमीन राखायची तर तिच्या पाण्याचा हिस्सा योजनेतच लिहून ठेवला पाहिजे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, चुकलेली हिरवी जमीन दोन वर्षांत पड पडते, आणि पड जमिनीवर कोणाला वाद घालावासा वाटत नाही.

ओरेगनची_मावशी

मूळ प्रश्नातली "पन्नास वर्षांची रेषा" वाचून लिहावेसे वाटले, कारण मी सतरा वर्षे अमेरिकेत, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोमध्ये राहते आणि ती रेषा माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर आहे. ओरेगन राज्याने 1973 मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखणे बंधनकारक केले, आणि पोर्टलंड महानगराची हद्द 1979 मध्ये निश्चित झाली. हद्दीच्या आत पुढच्या वीस वर्षांच्या गरजेपुरती जमीन असावी, अशी अपेक्षा आहे. अडचण अशी झाली, की दर काही वर्षांनी फेरविचार आला की हद्दीलगतच्या प्रत्येक शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागे. फळबाग लावावी की थांबावे, हेच कळत नसे. शिवारकरांची जी स्थिती आहे, तीच.

म्हणून 2007 मध्ये आणखी एक कायदा झाला आणि त्यानुसार 2010 मध्ये हद्दीबाहेरच्या जमिनीचे भवितव्य पन्नास वर्षांसाठी ठरवण्यात आले: सुमारे 28 हजार एकर भविष्यातल्या शहरासाठी राखीव आणि सुमारे 2 लाख 66 हजार एकर ग्रामीण म्हणून राखीव. मातीचा कस, पाण्याची सोय, शेताचा आकार, शहराच्या जलवाहिन्यांपासूनचे अंतर हे सगळे तपासून ती निवड झाली. येथून पुढे माझ्या घराबाहेरचे दृश्य सांगते: रस्त्याच्या एका बाजूला संगणकाच्या चिपांचे कारखाने आणि तीन मजली घरे, आणि दुसऱ्या बाजूला गहू, गवताच्या बियाण्याची शेते आणि हेझलनटच्या बागा. मध्ये काहीच नाही. ना प्लॉटिंगचे फलक, ना अर्धवट कुंपणे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते खोटेच वाटले होते.

गुंठामंत्री

मावशी, ओरेगनची लोकसंख्या सुमारे 42 लाख आणि क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडे वर आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 11 कोटी 23 लाख. तुमच्याकडे रेषेपलीकडे हेझलनट असतात, आमच्याकडे रेषेपलीकडे मंगल कार्यालय असते आणि त्याच्या पार्किंगमध्ये रेषा असते. (माझे सदस्यनाव उपरोधाने घेतलेले आहे, धंदा म्हणून नव्हे, हे दर वेळी सांगावे लागते.)

ओरेगनची_मावशी

लोकसंख्येचा फरक मान्य आहे. तिकडचे सगळे सुरळीत आहे, असा माझा दावाही नाही. 2010 चा निर्णय न्यायालयात गेला, 2014 मध्ये अपील न्यायालयाने त्यातल्या त्रुटींवर बोट ठेवले आणि मग विधिमंडळाने आमच्या काउंटीतल्या सीमा कायदा करून बदलल्या. पुढे 2023 मध्ये चिपनिर्मितीच्या कारखान्यांसाठी हद्दीबाहेरची जमीन आत आणण्याचा अधिकार काही काळापुरता राज्यपालांना मिळाला आणि हिल्सबरोजवळच्या 373 एकरांवर सुनावणीही झाली. शेवटी तो बेत सोडला गेला. म्हणजे पन्नास वर्षांच्या रेषेवर पंधरा वर्षांत दोन वेळा घाव पडले. तरीही दोन्ही वेळा ते उघडपणे, संपूर्ण राज्यासमोर घालावे लागले. जुन्या आरेखकांनी सांगितलेल्या गटागटाने होणाऱ्या बदलात तेवढा उघडेपणा नसतो, असे मला वाटते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: शेतीसाठीच राखलेल्या जमिनीवर तेथे कर आकारतात तो शेतीच्या मूल्यावर, बाजारभावावर नव्हे. त्याने शेजाऱ्याएवढे पैसे मिळत नाहीत, पण जमीन धरून ठेवणे परवडते. जमीनमालकांचा असंतोष मात्र होताच. 2004 मध्ये त्यांनी सार्वमतातून भरपाईचा हक्क मिळवला आणि 2007 मध्ये दुसऱ्या सार्वमताने तो बराच आवळला गेला.

हडपसरकर

भरपाई, कर, रेषा या सगळ्याला बगल देणारे एक उदाहरण आपल्याच पुण्यात आहे आणि त्याचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे नवल वाटते. मगरपट्ट्याची जमीन 1982 च्या प्रारूप आराखड्यात भविष्यातल्या शहरीकरणाच्या विभागात दाखवली गेली. तेव्हा तेथे ऊस होता. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे 120 कुटुंबांनी 400 एकरांहून अधिक सलग जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, असे सूत्र धरले. एकाही शेतकऱ्याला जमीन विकून गावाबाहेर जावे लागले नाही. शिवारकरांच्या चुलतभावाला "आपल्या अटीवर" हवे असेल, तर अट ही असावी. एकट्याने गुंठे पाडण्यात अट कसली?

कऱ्हेपठार

मगरपट्ट्याबद्दल आदर ठेवून सांगतो, की ते उदाहरण शेतजमीन राखण्याचे नाही; शेतजमीन नीट संपवण्याचे आहे. शिवाय त्यामागे एकमेकांना पिढ्यान् पिढ्या ओळखणारी, बहुतांशी एकाच भावकीतली कुटुंबे, सलग जमीन आणि शहराला अगदी चिकटून असलेले ठिकाण, असा दुर्मिळ योग होता.

आमच्या पुरंदरात विमानतळासाठी सात गावांची जमीन मागितली आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले अंजीर आणि त्याच्या जोडीला सीताफळ पिकवणारी ही गावे आहेत. आता ही जमीन शेती विभागातच होती ना? मग एखादा प्रकल्प जाहीर झाला की विभागाचा प्रश्नच संपतो, रंग कोणी विचारतही नाही. एजंटाच्या गुंठ्यांमुळे शेती किती गेली आणि शासनाच्या प्रकल्पांमुळे किती गेली, याची तुलना केली तर दीड गुंठा यांना एवढे अपराधी वाटायचे कारण उरणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

जुना_आरेखक

कऱ्हेपठार यांचे म्हणणे कटू आहे पण खरे आहे. मात्र प्रकल्प आणि प्लॉटिंग यांत एक फरक राहतो. प्रकल्पाला अधिसूचना लागते, मोजणी लागते, मोबदला लागतो. प्लॉटिंगला एक जेसीबी आणि मुरूम पुरतो.

हडपसरकर यांच्या उदाहरणाची सरकारी आवृत्ती म्हणजे नगररचना योजना. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, रस्ते, बागा, शाळा यांसाठी हिस्सा काढायचा आणि उरलेले आखीव भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता मोठ्या प्रमाणात अशा योजनांतून मिळालेल्या जमिनीवर उभा राहिला. आपल्याकडे म्हाळुंगे-माण येथे सुमारे 250 हेक्टरांवर अशी योजना आखली गेली आणि मालकांना निम्मी जमीन विकसित भूखंडाच्या रूपात परत देण्याचे ठरले. ज्या दिशेला शहर जाणारच आहे, तेथे हे साधन चांगले आहे. पण ते पिवळ्या पट्ट्याचे साधन आहे. हिरव्यासाठी आपल्या कायद्याच्या पेटीत "नाही" या शब्दापलीकडे फारसे काही नाही.

द्राक्षबाग

नाशिकचा अनुभव थोडक्यात. मखमलाबाद आणि हनुमानवाडी परिसरात स्मार्ट सिटीच्या नावाने नगररचना योजना आली. नाव होते "हरित क्षेत्र विकास", आणि हरित क्षेत्रातले पहिले काम बागा काढण्याचे. बागायतदारांनी कडाडून विरोध केला. भाताच्या किंवा बाजरीच्या शेताची अदलाबदल करता येते. पंधरा वर्षे जोपासलेल्या बागेच्या बदल्यात पाचशे मीटरवरचा भूखंड घेऊन काय करणार?

मांडवीपार

गोव्यातून लिहितो. आमचे संपूर्ण राज्य हीच एक प्रादेशिक योजना आहे, त्यामुळे हा विषय येथे निवडणुकीत गाजतो. 2011 सालासाठीची प्रादेशिक योजना 2006 मध्ये अधिसूचित झाली, तेव्हा डोंगरउतार आणि शेती कोठे कोठे वसाहतीच्या विभागात टाकली आहे, हे लोकांनी नकाशे पसरून गावोगाव वाचले. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि 2007 च्या जानेवारीत सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. नंतर चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने 2021 सालासाठीच्या योजनेचे काम केले आणि तिचे मसुदे पंचायतींसमोर चर्चेला ठेवले गेले. माझ्या पंचायतीत लोक रात्री अकरापर्यंत बसून आपापली भाटे (माडांच्या बागा) आणि खाजणे (खाडीकाठची बांध घातलेली शेते) नकाशावर शोधत होते.

पण पुढचे ऐका. 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) आले आणि योजनेतल्या "चुका दुरुस्त" करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलता येऊ लागला. 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. तोवर विभाग बदलू देणारे 39अ हे नवे कलम आलेलेच होते. याच 2023 मध्ये भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला. एकाच सरकारचे दोन हात दोन दिशांना. म्हणून शिवारकरांना एवढेच सांगेन, की योजना किती वर्षांची आहे हे पाहण्याआधी तिच्यात दुरुस्तीचे दार किती रुंद आहे, ते पाहावे.

माहेरवाशीण_मुळशी

हा धागा सकाळपासून वाचते आहे. "शेतकरी" म्हणून येथे ज्याचे चित्र उभे राहिले आहे तो कायम पुरुष आहे आणि त्याच्यापुढचा पेच "ठेवू की विकू" हा आहे. आमच्या घरात हा पेच मला कधी विचारलाच गेला नाही. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क 1994 पासून आहे, म्हणजे केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीच्याही आधीपासून. जमीन नुसती जमीन होती तोवर सातबाऱ्यावरच्या माझ्या नावाची कोणाला आठवण नव्हती. पट्टा पिवळा होणार असे कळले आणि आठवड्यात भाऊ पेढे घेऊन दारात आला. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा होता.

मी सही केली नाही. आजतागायत राखी पोस्टाने जाते.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. पट्टा बदलण्याची नुसती शक्यता निर्माण झाली, की घराघरात वाटण्या सुरू होतात, सव्वातीन एकराचे पाच तुकडे होतात, आणि तेवढ्या तुकड्यावर कोणाचीच शेती परवडत नाही. तुकडेबंदीखालचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचे किमान माप, 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी 10 गुंठे आणि जिरायतीसाठी 20 गुंठे झाले. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. अर्ध्या एकर जिरायतीवर कोणते कुटुंब जगते, ते मला कोणी दाखवावे. शेती वाचवणारा कायदा आणि शेती वाटून टाकणारा कायदा आज एकच आहे. शिवारकर, तुमच्या चुलतभावाला बहिणी आहेत का, आणि त्यांचे काय म्हणणे आहे?

दीड_गुंठा

ताई, आमच्या व्यवहारात असेच झाले. मूळ मालकाच्या बहिणीने नंतर दावा लावला आणि आम्ही अकरा जण त्यात प्रतिवादी आहोत. त्या बाईंचे म्हणणे रास्त आहे, एवढे मी वकिलाला न सांगता येथे लिहितो. 2025 मध्ये नागरी भागातले जुने तुकडे नियमित करण्याचा मार्ग शासनाने मोकळा केला, तेव्हा वस्तीत फटाके वाजले. पण दावा चालू आहे तोवर आमचे नाव स्वतंत्रपणे लागणार नाही.

टेकडीप्रेमी

"हिरव्यासाठी पेटीत काही नाही" हे पूर्ण खरे नाही. 1997 मध्ये पुण्यात आलेल्या गावांपैकी 23 गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले, जवळपास हजार हेक्टर. 2015 मध्ये मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचे ठरले, म्हणजे टेकडीवर न बांधण्याच्या बदल्यात दुसरीकडे थोडे बांधण्याचा हक्क.

जुना_आरेखक

मी शब्द जरा सुधारून घेतो. साधन आहे, पण आठ टक्क्यांत कोणता मालक खूश आहे, ते त्या टेकड्यांच्या पायथ्याशी जाऊन पाहा. तरीही कल्पना मला योग्य वाटते. ज्या रस्त्याने, ज्या मेट्रोने पिवळ्या जमिनीचा भाव दहापट होतो, तो रस्ता सगळ्यांच्या पैशांचा असतो. मग त्या वाढीतला काही हिस्सा हिरव्या जमिनीच्या मालकाकडे वळवणे हा उपकार नव्हे. शेतजमिनीसाठी असे हक्क द्यायचे झाले, तर ते एकदाच देऊन चालणार नाही, असे माझे मत आहे. मालक विकास हक्क विकेल, दहा वर्षांनी त्याचा मुलगा म्हणेल की आता विभाग बदला, आणि तेव्हा कोणाच्या लक्षातही नसेल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद कायमची चढली पाहिजे.

पाटाचे_पाणी

आणि पाण्याचा हिस्साही त्याच रकान्यात.

गुंठामंत्री

इतर हक्काच्या रकान्यात आधीच सोसायटीचा बोजा, वहिवाटीचा वाद आणि मयत आजोबा बसलेले असतात. जागा पुरणार नाही.

शिवारकर

सर्वांचे आभार. उत्तरे वाचून काल चुलतभावाशी बोललो. त्याला दोन बहिणी आहेत आणि त्याने त्यांना विचारलेले नव्हते. माहेरवाशीण यांचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण रविवारी दोघींना बोलावले आहे. प्लॉट पाडण्याचे काम दिवाळीपर्यंत थांबवतो, असे म्हणाला. मगरपट्ट्यासारखे काही करायला आमच्या शिवारात सलग जमीन उरलेली नाही. मधले तीन गट आधीच बाहेरच्यांनी घेऊन कुंपण घातले आहे.

मूळ प्रश्नाबाबत माझे मत बदलले आहे. मी रेषेच्या वर्षांवर अडून बसलो होतो. आता वाटते, की रेषा वीस वर्षांची असली तरी चालेल, पण ती गटागटाने हलवता येऊ नये, आणि हलवायची झाली तर मांडवीपार यांच्या पंचायतीसारखे सगळ्यांना नकाशापुढे बसवूनच हलवावी. आमच्या गावात 2021 चा नकाशा आम्ही भ्रमणध्वनीवर मोठा करून करून पाहिला होता, आणि विहीर कोठे आहे, हे शोधायला एक संध्याकाळ गेली.

जुना_आरेखक

एक व्यावहारिक गोष्ट विचारायची राहिली. आज ना उद्या नवा आराखडा येईलच आणि हरकतींसाठी पुन्हा ठरावीक दिवस मिळतील. रस्ता विहिरीवरून गेला असे तुम्ही लिहिले आहे. आखणी करताना आमच्यासमोर गटांचे नकाशे असतात आणि उपग्रहाची छायाचित्रे असतात. त्यांत झाडाखालची विहीर दिसेलच असे नाही. ती विहीर गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्याच्या पीकपाण्याच्या भागात, सिंचनाच्या साधनाच्या रकान्यात नोंदलेली आहे का?

शिवारकर

आताच उतारा काढून पाहिला. विहीर आजोबांनी खोदली. मी जन्मल्यापासून तिचे पाणी पितो आहे. रकाना कोरा आहे आणि पूर्ण सव्वातीन एकर जिरायत लिहिलेली आहे.

जुना_आरेखक

मग या हंगामाच्या ई-पीक पाहणीत आधी ती नोंदवून घ्या. छायाचित्र काढताना मागे चिंच किंवा घर असे काही ठळक येऊ द्या, आणि नोंद झाल्याची प्रत काढून ठेवा.